पासपोर्ट जमा करा, मगच गोल मारा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत सिंगापूरकडून २-१ हरला आणि २०२७ च्या आशिया कपचा विषय आपल्यापुरता संपला. फुटबॉल बघणाऱ्यांना हे माहीत आहे, न बघणाऱ्यांना सांगून उपयोग नाही. पण त्या मॅचमधली एक गोष्ट आपल्याकडे कुणी फारशी बोललीच नाही. छांगतेने सुरुवातीलाच मस्त गोल मारला, आपण पुढे होतो, आणि मग सिंगापूरच्या एकाच माणसाने दोन गोल ठोकले, एक हाफटाइमच्या जरासा आधी आणि एक नंतर. त्याचं नाव सोंग उई-यंग. हा जन्माने कोरियन. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना सिंगापूरच्या लीगमध्ये खेळायला आला, तिथेच रुळला, आणि २०२१ मध्ये कोरियाचं नागरिकत्व सोडून त्याने सिंगापूरचं घेतलं. आपल्या किनाऱ्यावर येऊन आपल्याला घरी बसवलं ते असं पासपोर्ट बदललेल्या माणसाने. पुढच्या महिन्यात सिंगापूरने हाँगकाँगला हाँगकाँगमध्ये हरवलं आणि पात्रता फेरी खेळून पहिल्यांदा आशिया कप गाठला.

त्याच महिन्यात इकडे दुसरी बातमी आली. रायन विल्यम्स, बेंगळुरू एफसीचा विंगर, जन्म पर्थचा, आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा पन्नासच्या दशकात मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. त्याने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडलं आणि भारताचं घेतलं. छेत्रीने त्याच्या हातात पासपोर्ट ठेवला, फोटो सगळीकडे फिरले, आणि लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक पार्टी एकदम भावुक, रक्त शेवटी ओढ घेतंच वगैरे. दुसरी पार्टी बघायची तर आमच्या सावंतवाडी-कुडाळ पट्ट्यातला कुठलाही व्हॉट्सॲप ग्रुप उघडा, "थंय कोण इचारीना म्हणान हंय इलो मेलो", मग आपल्या पोरांची जागा खाल्ली, मग पैशासाठी देश बदलणारे लोक, सगळं ओळीने येतं.

मला दोन्ही पार्ट्या पटत नाहीत. विल्यम्स आला हे चांगलंच झालं, पण तो बत्तिसाव्या वर्षी आला, आणि हे बत्तिसावं वर्ष काही योगायोग नाहीये. त्याच्या आधी असा एकच जण होता, इझुमी अराता, आणि तो भारताच्या जर्सीत पहिल्यांदा उतरला तेव्हा तीस वर्षांचा होता. फुटबॉलमध्ये तीस म्हणजे उतार लागतो, विंगर आणि मिडफिल्डरला तर जास्तच. आपला कायदा असा आहे की आपल्याकडे येणारा माणूस याच वयात यावा. तरुण पोरगा त्यातून येऊच शकत नाही. आणि मग आपणच त्याला म्हणतो की तिकडे संपला म्हणून इकडे आलास.

आता हा अराता कोण ते थोडं सांगतो, कारण आपण त्याला अगदीच विसरलोय. १९८२ चा जन्म, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. वडील गुजराती, आई जपानी. खेळता खेळता सिंगापूरला अल्बिरेक्स निगाताकडून खेळला, आणि २००६ मध्ये ईस्ट बंगालने त्याला कोलकात्याला आणलं. मग मुंबईत महिंद्रा युनायटेड, मग पुणे एफसी. म्हणजे जवळजवळ सगळं करियर महाराष्ट्रातच गेलं त्याचं, आणि तरी आपल्याकडे विचारा कुणाला, नाव माहीत नसतं. पुण्याच्या बालेवाडीत तो खेळायचा तेव्हा स्टँड अर्धे रिकामे असायचे. इथे तो परदेशी खेळाडूंच्या कोट्यात मोजला जायचा. वडील भारतीय असून परदेशी. मग त्याने जपानचा पासपोर्ट सोडला. जपानही दोन नागरिकत्वं ठेवू देत नाही, त्यामुळे गेला तो गेलाच, परत यायची सोपी वाट नाही. कागदावर तो नीळकंठ झाला, २०१३ च्या फेब्रुवारीत कोचीत पॅलेस्टाइनविरुद्ध उतरला, भारत ती मॅच ४-२ हरला, आणि पुढे त्याचे धड दहासुद्धा इंटरनॅशनल सामने झाले नाहीत. जगातल्या सगळ्यात ताकदवान पासपोर्टांपैकी एक देऊन त्याला काय मिळालं तर एवढं. पुढे तो इथेच राहिला आणि कोचिंगमध्ये गेला, पोरांना शिकवायला लागला. कुणी पैशासाठी आला म्हणत असेल तर त्याने हिशोब मांडून दाखवावा.

विल्यम्सचंही तसंच. इंग्लंडमध्ये पोर्ट्समथ, फुलहॅम, बार्न्सली, रॉदरहॅम असा फिरला, मग पर्थ ग्लोरी, मग २०२३ मध्ये बेंगळुरू. ऑस्ट्रेलियाकडून एकच मॅच, तीही २०१९ मधली मैत्रीपूर्ण, म्हणून तर फिफाच्या नियमाने त्याला देश बदलता आला, मैत्रीपूर्ण मॅचने खेळाडू कायमचा बांधला जात नाही. त्याचा मोठा भाऊ ऱ्हीस मिडल्सब्रोकडून आणि ऑस्ट्रेलियाकडून खेळला, जुळा भाऊ आर्यन इंफाळच्या नेरोकाकडून आय-लीग खेळून गेला. म्हणजे या घराला भारत नवीन नव्हता. आणि विल्यम्सने पासपोर्ट घेतला कधी, तर जेव्हा आयएसएल, म्हणजे आपली मुख्य फुटबॉल लीगच, लटकली होती, लीग चालवायला कुणी बोली लावेना, क्लबांना पुढचा सीझन कधी ते ठाऊक नाही, परदेशी खेळाडू बॅगा भरत होते. पैशासाठी यायचं तर हा मुहूर्त कुणी निवडेल का? कोट्याचा फायदा होतो हे खरं आहे, भारतीय झाल्यावर क्लबला तो परदेशी जागेत मोजावा लागत नाही, त्याची किंमत वाढते, मी ते नाकारत नाही. माणूस कामधंद्याचा विचार करतो यात चूक काय? आपण करत नाही?

आणि आपण म्हणजे कोण, ते जरा बघूया. कोकणी माणसाने पासपोर्टवरून कुणाला नावं ठेवावीत हे मला तरी जरा जास्तच वाटतं. आमच्या बाजूला अर्धी वाडी मुंबईत, उरलेल्यातले निम्मे बोटीवर नाहीतर कुवेत, दुबई, मस्कत. रत्नागिरी, म्हसळा, श्रीवर्धनकडची घरं तर केपटाऊनपर्यंत पोचलेली आहेत, तीन-चार पिढ्यांपूर्वी. भारताच्या टीमचा आत्ताचा कोच खालिद जमील, तो स्वतः कुवेतमध्ये जन्मलेला आहे, आणि त्याबद्दल कुणी काही बोलत नाही, कारण आखातात जन्मलेली पोरं आपल्याला सवयीची आहेत.

पोर्तुगीज पासपोर्टचं बघा. बांद्याच्या पुढे पत्रादेवी ओलांडली की दर दोन घरांमागे हा विषय आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेला माणूस, त्याची मुलं, त्याची नातवंडं, लिस्बनला जन्माची नोंद करून पोर्तुगालचे नागरिक होऊ शकतात. हजारो लोकांनी केलंय. पोर्तुगालला कुणी राहायला जात नाही, तिथून सरळ इंग्लंड, स्विंडनमध्ये तर गोवेकरांची वस्तीच आहे, ब्रेक्झिटनंतर ती वाट अवघड झाली तरी जे आधी पोचले ते पोचले. यातला कुणी सुट्टीला गावी आला की पेढे वाटतात, नवं घर बांधतो, जत्रेला पावती फाडतो आणि ती पावती माईकवरून वाचली जाते. त्याला कुणी गद्दार म्हणत नाही. म्हणूही नये. पण मग पर्थच्या माणसाने उलट दिशेने तेच केलं, तेही चांगला पासपोर्ट देऊन त्याहून कमजोर पासपोर्ट घेतला, तर त्याची चौकशी आपण कुठल्या तोंडाने करतो?

तेरेखोलचं उदाहरण मला नेहमी आठवतं. नकाशात बघा, तेरेखोल नदीच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूला, रेडीला चिकटून किल्ला आणि थोडी वस्ती आहे, ती गोव्यात मोडते. रेडी वेंगुर्ला तालुक्यात, महाराष्ट्रात. मध्ये नदी नाही, डोंगर नाही, काहीच नाही, चालत जा. आता तेरेखोलात १९६० साली जन्मलेल्या माणसाच्या नातवाला युरोपचा पासपोर्ट मिळू शकतो आणि रेडीत त्याच वर्षी जन्मलेल्याच्या नातवाला नाही. दोघांची भाषा एक, सोयरीक एकमेकांत, मासे एकाच ठिकाणचे. कुणाचं देशप्रेम कमी आणि कुणाचं जास्त? त्याच सीमेवर पत्रादेवीला १९५५ च्या १५ ऑगस्टला सत्याग्रही गोळ्या खाऊन पडले, पंजाबातून आलेला कर्नैलसिंग बेनिपाल त्यात होता, तिथे स्मारक आहे. म्हणजे या भागाला देश या गोष्टीची किंमत माहीत नाही असं कुणी म्हणू नये. पण किंमत माहीत असणं आणि कागद हातात असणं या दोन गोष्टी इथे कधीच एकाच ठिकाणी नव्हत्या.

आता याच काळातलं फुटबॉलमधलं सांगतो. युसेबियो, पोर्तुगालचा सगळ्यात मोठा खेळाडू रोनाल्डोच्या आधीचा, १९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये नऊ गोल. तो जन्मला तेव्हाच्या पोर्तुगीज मोझांबिकमध्ये, लॉरेन्सो मार्क्सला, जिथे गोव्याची कितीतरी घरं नोकरीसाठी जाऊन राहिलेली होती. त्याची पोर्तुगालकडून पहिली मॅच ऑक्टोबर १९६१, लक्झेंबर्गविरुद्ध. म्हणजे बरोबर त्या दोन महिन्यांत मडगावचं पोरगं आणि लॉरेन्सो मार्क्सचं पोरगं कागदोपत्री एकाच देशाचे होते. डिसेंबरात गोवा भारतात आलं, १९७५ मध्ये मोझांबिक स्वतंत्र झालं, आणि युसेबियो राहिला पोर्तुगालचा. त्याने काही बदललं नाही, बदललं ते बाकी सगळं. आपल्या आजोबा-पणजोबांचंही तेच झालं, अठरा तारखेला एका देशाचे, वीस तारखेला दुसऱ्या. आता कुणी म्हणेल हे वसाहतीचं प्रकरण वेगळं आहे. वेगळं आहेच. पण नागरिकत्व म्हणजे जन्माला चिकटलेली काहीतरी पवित्र वस्तू आहे हे निदान आपल्या किनाऱ्यावर तरी कुणी ऐकवू नये.

बाकी जगात हे नवीन नाहीच, यावर मी जास्त वेळ घालवत नाही. लुइस मोंती १९३० ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाकडून खेळला आणि १९३४ ची इटलीकडून, आणि जिंकला. पुश्काश हंगेरीचा, नंतर स्पेनचा. डेकोने पोर्तुगालकडून पहिली मॅच खेळली ती ब्राझीलविरुद्ध, जिथे त्याचा जन्म, आणि फ्रीकिकवर गोल मारून ती मॅच जिंकून दिली. मोरोक्को २०२२ मध्ये सेमीफायनलला गेलं तेव्हा सव्वीसपैकी चौदा खेळाडू मोरोक्कोबाहेर जन्मलेले होते. आणि चिडणारे लोकही सगळीकडे असतात, दिएगो कोस्टाने ब्राझील सोडून स्पेन निवडलं तर २०१४ ला त्याच्याच देशात प्रत्येक टचला हुर्यो उडवली त्याची. ओझिल गेल्सेनकिर्शेनमध्ये जन्मलेला, जर्मनीकडून वर्ल्ड कप जिंकलेला, तरी शेवटी म्हणाला की जिंकलो की मी जर्मन आणि हरलो की बाहेरचा.

आता मुद्द्यावर. आपला कायदा काय म्हणतो? १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं नववं कलम, दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वतःहून घेतलं की भारताचं आपोआप गेलं. उलट बाजूने यायचं तरी आधीचं सोडावं लागतं. मग २००५ मध्ये ओसीआय, म्हणजे ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, आलं, नावात सिटिझन आहे म्हणून लोक फसतात, पण ते नागरिकत्व नाही, आयुष्यभराचा व्हिसा आहे. मत नाही, सरकारी नोकरी नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर हापूसची बाग वारसाने आली तर ठेवा, शेजारची विकत घ्यायला जाल तर नाही. आणि २००८ च्या डिसेंबरात सरकारने ठरवलं की भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्टच पाहिजे. त्याआधी टेनिसमध्ये अमेरिकेचा पासपोर्ट असलेला प्रकाश अमृतराज भारताकडून डेव्हिस कप खेळला होता, कुणाचं काही बिघडलं नव्हतं. २०१० मध्ये दिल्ली हायकोर्टाने सरकारचा तो नियम उचलून धरला आणि विषय संपला.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण टीव्हीवर बसलेले लोक ती गुंडाळून टाकतात. "ओसीआयवाल्यांना खेळू द्या" असं नुसतं म्हणून फुटबॉलमध्ये काही होत नाही. फिफाला त्या देशाचं खरंखुरं नागरिकत्व लागतं, ओसीआय कार्ड तिथे चालत नाही. क्रीडा मंत्रालयाने उद्या नियम बदलला तर टेनिस, स्क्वॉशमध्ये कदाचित फरक पडेल, फुटबॉलमध्ये शून्य. म्हणजे प्रश्न सरळ दोन पासपोर्टचा आहे. आणि तो संसदेच्या हातात आहे, राज्यघटनेचं अकरावं कलम संसदेला नागरिकत्वाचा कायदा करायचा पूर्ण अधिकार देतं, घटनादुरुस्ती लागत नाही. इच्छा लागते.

आता बर्मिंगहॅमच्या एखाद्या विशीतल्या पोराचा विचार करा, आजी-आजोबा जालंधरचे, हा तिथल्या एखाद्या क्लबच्या दुसऱ्या-तिसऱ्या फळीत धडपडतोय. याला भारताकडून खेळायची मनापासून इच्छा आहे. त्याने काय करायचं? ब्रिटिश पासपोर्ट द्यायचा. दिल्यावर काय होतं, तर ज्या गावात जन्मला तिथेच परदेशी होतो. तिथल्या क्लबकडून खेळायला वर्क परमिटच्या नियमात बसायला पाहिजे, आणि त्या पॉइंट सिस्टीममध्ये राष्ट्रीय टीमची रँकिंग बघतात, पहिल्या पन्नासातल्या देशाच्या नियमित खेळाडूला सरळ प्रवेश, आणि आपण १३० च्या पण पलीकडे. म्हणजे भारताकडून खेळायला तो पासपोर्ट देणार आणि भारताकडून खेळतो म्हणून त्याला तिकडचं काम मिळणार नाही. कुठल्या आई-बापाने पोराला हे करू द्यावं? तुम्ही द्याल? भारतीय वंशाचा ब्रिटिश फुटबॉलर यान धंदाने उघड सांगितलं होतं की भारताकडून खेळायला आवडेल पण पासपोर्टचं आडवं येतं. मायकल चोप्रा, न्यूकॅसलकडून प्रीमियर लीग खेळलेला, त्यालाही यायचं होतं, नाही जमलं, शेवटी केरला ब्लास्टर्सकडून खेळायला आला तेव्हा त्याचे दिवस सरलेले होते. नील टेलरची आई कोलकात्याची, तो वेल्सकडून युरो २०१६ ची सेमीफायनल गाठून आला. यातल्या कुणाला आपण देशद्रोही म्हणायचं? त्यांना आपण विचारलेलाच प्रश्न चुकीचा होता.

म्हणून मी म्हणतो की पासपोर्ट जमा करा ही अट निष्ठा मोजत नाही, वय मोजते. ज्याला तिकडे गमवायला काही उरलेलं नाही तोच ती पुरी करू शकतो. आणि अराता-विल्यम्स यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे तो यासाठी की या सगळ्यातूनसुद्धा त्यांनी ते केलं.

हे आपल्या गावातल्या क्रिकेटवरून पटकन कळेल. मे महिन्यात कोकणात प्रत्येक वाडीत टेनिस बॉलच्या स्पर्धा असतात, बॅनरवर मोठ्ठं लिहिलेलं असतं, गाव मर्यादित, आधार कार्ड सक्तीचं. आणि दर वर्षी पहिल्या दिवशी भांडण ठरलेलं, डोंबिवलीचं आधार कार्ड असलेला पोरगा गावचा की नाही. आजोबांचं घर इथे, गणपती इथे, देवळाची वर्गणी इथे, पण कार्डावर पिन कोड ४२१ चा. काय होतं शेवटी? कमिटीतली वडीलधारी माणसं येतात, कुणाचा नातू रे तू, असं विचारतात, घर नंबर कळतो, आणि पोरगा खेळतो. मामाच्या गावाकडून खेळायचं म्हटलं तर एका सीझनला एकाच टीमकडून, एवढी अट घालतात. कुणी त्याला असं सांगत नाही की आधी डोंबिवलीची खोली विक, रेशन कार्ड रद्द कर, मग बॅट हातात घे. गावकऱ्यांना जे कळतं ते दिल्लीला कळायला एवढं अवघड का जावं? फिफाचा नियमही जवळपास हाच आहे, आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कुणी त्या देशात जन्मलेलं असावं, नाहीतर खेळाडू स्वतः तिथे काही वर्षं राहिलेला असावा, आणि एकदा नीट स्पर्धात्मक सामने खेळलात की परत उडी मारता येत नाही, मारायची तर कडक अटी आहेत.

आता याच्या विरुद्ध जे बोललं जातं त्यातलं एक मला खरंच गंभीर वाटतं आणि ते म्हणजे मलेशिया. २०२५ च्या सप्टेंबरात फिफाने मलेशियाच्या सात खेळाडूंवर एक वर्षाची बंदी घातली, सगळे परदेशात जन्मलेले, आजी-आजोबांचे जन्मदाखले बनावट निघाले, फेडरेशनला साडेतीन लाख स्विस फ्रँकचा दंड. आपल्याकडे दोन पासपोर्टची दारं उघडली तर असे दाखले छापणारे एजंट तालुक्याच्या ठिकाणी सहज उभे राहतील याबद्दल मला शंका नाही, पोर्तुगीज पासपोर्टच्या धंद्यात गोव्यात हे होऊन गेलंय, दुसऱ्याच्या नावाने जन्मनोंदी झाल्यात. त्यामुळे कागद तपासणी कडक पाहिजे, आणि फेडरेशनच्या हातात ती बिलकूल नको, ज्यांना लीग वेळेवर सुरू करता आली नाही त्यांच्याकडे वंशावळी कशाला द्यायच्या. पण बनावट दाखले निघतात म्हणून खरे दाखले असलेल्यांना बाहेर ठेवायचं हा काही न्याय नाही.

दुसरा आक्षेप, आपल्या पोरांची जागा जाईल. याचं उत्तर मी थोडं चिडूनच देतो. कुठली जागा? सिंधुदुर्गातल्या कुठल्या पोराची भारतीय टीममधली जागा विल्यम्सने घेतली ते सांगा. आमच्याकडे फुटबॉल खेळायचं असेल तर पोरगं गोव्याला जातं, पेडणे किंवा म्हापश्याला कुणाकडे राहून. पूर्वी निदान तिथे धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग होते, २०१६ ला तिघंही आय-लीगमधून बाहेर पडले आणि ती शिडीही गेली. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स अशी एकाच वेळी टीममध्ये असायची गोव्याची माणसं, ते दिवस संपले ते काही पर्थच्या माणसामुळे नाही. तळकोकणात जिल्हा पातळीवर वर्षभर चालणारी पोरांची लीग नाही, जे मैदान आहे ते मे महिन्यात क्रिकेटला आणि निवडणुकीत सभेला. हे सगळं सुधारायला पाहिजे, आणि ते सुधारायला पंधरा-वीस वर्षं लागतील, तोपर्यंत कुणी बाहेरचा चांगला खेळाडू टीममध्ये असला तर आपल्या पोरांचं नुकसान नाही, फायदा आहे, त्याच्याबरोबर ट्रेनिंग करून शिकतील. अराताने पुण्यात तेच केलं. मात्र परदेशातली चार-पाच पोरं आणली की भारत वर्ल्ड कपला जाईल असं जे सांगतात, त्यांच्याही नादी लागू नका.

आणि सोंगचं काय, तो तर सिंगापूरला रक्ताने लागतच नव्हता, आणि सिंगापूरही दोन पासपोर्ट देत नाही, तरी त्यांना जमलं, हा प्रश्न मला एकाने विचारला होता. प्रश्न चांगला आहे. जमलं कारण तो तिथे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी आला आणि त्यांच्याच लीगमध्ये वाढला, सत्ताविसाव्या वर्षी नागरिक झाला, आणि सोडलेल्या पासपोर्टच्या बदल्यात त्याला तोडीस तोड पासपोर्ट मिळाला. आपण आधी तसा पासपोर्ट आणि तशी लीग बनवू, मग ही अट खुशाल ठेवू. आपल्याकडे रक्ताचं नातं नसलेल्या माणसाला नागरिक व्हायला साधारण बारा वर्षं राहावं लागतं, अठराव्या वर्षी आला तरी तिशीलाच पोचतो, म्हणजे परत तेच.

माझी मागणी फार मोठी नाहीये. ज्याचे आई-बाप किंवा आजी-आजोबा भारतात जन्मलेले आहेत अशा खेळाडूला, समजा तेविसाव्या वर्षाच्या आत त्याने भारताकडून खेळायचं ठरवलं तर, भारतीय नागरिकत्व द्यावं आणि दुसरं ठेवू द्यावं, खेळत असेपर्यंत. निवृत्त झाल्यावर दोन वर्षांत एक निवडायचं. एवढ्यासाठी कायद्यात एक पोटकलम लागेल. खेळाडूंनाच का, आमच्या स्विंडनवाल्या भावाने काय पाप केलं, हा पुढचा प्रश्न येणार हे मला माहीत आहे, आणि खरं सांगायचं तर त्यालाही मिळावं असं मला वाटतं, पण ते भांडण मोठं आहे, त्यात सुरक्षेचे प्रश्न आहेत, टॅक्सचे आहेत, ते एका दमात होणार नाही. खेळाडूंपासून सुरू करायचं कारण त्यांची संख्या हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी आहे, आणि प्रत्येकाचा कागद फिफा वेगळा तपासतेच. कागदाच्या बाबतीत फिफा किती कडक असते ते ढाक्यात दिसलंच, १८ नोव्हेंबरला बांगलादेशविरुद्ध विल्यम्स टीमबरोबर गेला होता, पासपोर्ट हातात होता, पण ऑस्ट्रेलियाच्या फेडरेशनचं ना-हरकत पत्र वेळेत आलं नाही म्हणून बाहेर बसला, आणि आपण १-० हरलो.

मतदानाचं काय, मग दोन पासपोर्टवाल्यांनी इथे मतही द्यायचं का, हे शेवटचं. माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे. जो इथे राहत नाही, इथले खड्डे ज्याच्या वाट्याला येत नाहीत, लाइट गेली की जो अंधारात बसत नाही, त्याने इथला आमदार ठरवू नये. हा नियम लावायचा तर पासपोर्ट बघू नका, राहतो कुठे ते बघा, आणि तसा बघितला तर विल्यम्स मत देऊ शकेल आणि आमच्या मतदार यादीत नावं असलेली निम्मी मुंबईची माणसं देऊ शकणार नाहीत, जी मतदानाच्या आदल्या रात्री पक्षाच्या बसने येतात.